काळी खिडकी आणि आपलं पीडब्ल्यूडी

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. सुरुवातीला विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण पुढे तो एका बंधाऱ्यावर जाणार आहे.

मागच्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला. जुना नऊ वर्षं चालला, त्याच्या बटणांवरची निम्मी अक्षरं पुसली गेली होती. दुकानदार ओळखीचा. पिशवीत भरता भरता म्हणाला, "साहेब, पाचशे द्या, सगळं टाकून देतो."

"सगळं म्हणजे?"

"ऑफिस, फोटोचं सॉफ्टवेअर, मराठी फॉन्ट, अँटिव्हायरस. क्रॅक असतंय, पण चालतंय. बंद पडलं तर आणा, फॉरमॅट मारून देतो."

माणूस भला आहे, त्याच्यावर राग नाही. आपल्या तालुक्यात कॉम्प्युटर वापरायची हीच पद्धत आहे. यंत्र आपलं, पैसे आपले, ईएमआय आपला. पण आत काय आहे, कुठे आहे, कोणी टाकलं, कशाला टाकलं, हे दुसऱ्याला माहीत. बिघडलं की नेऊन द्यायचं, तो फॉरमॅट मारणार, आपले चार वर्षांचे फोटो आणि कागदपत्रं उडणार, आणि आपण "जाऊ द्या, चालू तर झालं" म्हणत घरी यायचं. विहीर आपल्या रानात आणि मोटरची चावी शेजाऱ्याकडे, असा हा कारभार.

यावेळी म्हणलं, नको. पाचशे रुपये खिशात ठेवले आणि लॅपटॉप कोरा घरी आणला.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. कॉम्प्युटरमधली ती काळी खिडकी, जिला टर्मिनल किंवा कमांड लाइन म्हणतात, ती फक्त इंजिनिअर लोकांची नाही. ती शाळेत, एमएस-सीआयटीत, ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरला आणि पत्रकारालाही शिकवली पाहिजे. ती न शिकवल्यामुळे पंचवीस वर्षांत आपण कॉम्प्युटर वापरणारी माणसं कमी आणि गिऱ्हाइकं जास्त तयार केली. आणि त्याचा फायदा ज्यांना आपण हिशोब विचारायचा त्यांना झाला.

आता पहिला धडा. पुण्यात बी.एस्सी. कॉम्प्युटर करणाऱ्या पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, टर्मिनल उघडा आणि पीडब्ल्यूडी टाइप करा."

मी म्हणलं, "अरे, बांधकाम खात्याचं इथं काय काम?"

पोरगं पाच मिनिटं हसत होतं. आपल्या धंद्यात पीडब्ल्यूडी म्हटलं की एकच गोष्ट आठवते, अर्धवट रस्ता आणि उखडलेली साईडपट्टी. पण इथं त्याचा अर्थ वेगळा आहे. तुम्ही आत्ता कॉम्प्युटरच्या कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहात ते सांगणारी ही कमांड. टाइप केली, एंटर मारला, खाली एक ओळ आली. सगळ्यात वरच्या फोल्डरपासून माझ्या नावाच्या फोल्डरपर्यंतचा पूर्ण पत्ता.

चेष्टा बाजूला ठेवा, पण वीस वर्षं कॉम्प्युटर वापरून मला हा पत्ता पहिल्यांदा दिसला. तुम्हीच आठवून बघा. तुमची फाइल कुठे आहे? "डाउनलोडमध्ये असेल." "डेस्कटॉपवर होती." आता तर डेस्कटॉपवर दिसणारी फाइल आपल्या यंत्रात आहे की कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर, हेही कळत नाही. दहावीच्या पोरांना विचारा. बोटं वाऱ्यासारखी चालतात, पण स्वतःची फाइल ई-सेवा केंद्रातल्या दादालाच शोधून द्यावी लागते.

पुढच्या कमांड अशाच साध्या. एलएस म्हणजे इथं काय काय आहे ते दाखव. सीडी म्हणजे ह्या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये चल. एमकेडीआयआर म्हणजे नवा फोल्डर कर. सीपी म्हणजे प्रत काढ, एमव्ही म्हणजे हलव किंवा नाव बदल. आरएम म्हणजे पुसून टाक, आणि इथं सावध, कारण इथून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, गेलं ते गेलं. अडलात तर मॅन लिहून पुढे कमांडचं नाव लिहा, त्या कमांडची माहितीपुस्तिका तिथंच उघडते. पहिल्या संध्याकाळी मी एवढंच शिकलो. एक तास लागला. गाडी रिव्हर्स घ्यायला शिकायला मला याच्या दहापट वेळ लागला होता.

ही गोष्ट नवीन नाही हे आधी लक्षात घ्या. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ह्या दोघांनी युनिक्सचं काम सुरू केलं. ह्या कमांड त्या घराण्यातल्या. १९९१ साली फिनलंडमधल्या लायनस टॉरवल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं लिनक्स लिहायला घेतलं आणि ते जगाला मोकळं करून दिलं. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. विंडोजच्या आवृत्त्या बदलल्या, मेनू इकडचे तिकडे गेले, प्रत्येक वेळी आपण नव्यानं शोधत बसलो. पण एलएस आणि सीडी तुमच्या-माझ्या वयाच्या आहेत आणि अजून तशाच चालतात. एकदा शिकलेलं आयुष्यभर पुरेल असं कॉम्प्युटरमध्ये फार थोडं असतं. ते सोडून आपण पोरांना काय शिकवलं? बोल्ड करायला कुठं दाबायचं, ते.

आता बंधाऱ्याची गोष्ट.

एका कार्यालयाकडे मी माहिती अधिकारात कामांची यादी मागितली होती. कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, विषय एका कार्यालयाचा नाही. मला २१२ पानं मिळाली. दोन रुपये पानाप्रमाणे ४२४ रुपये भरले आणि गठ्ठा घरी आणला. कॉम्प्युटरवर टाइप केलेली यादी कागदावर छापून मला दिली, म्हणजे मी ती डोळ्यांनी वाचत बसावं. आणि मी बसलोही. तिसऱ्या दिवशी आकडे नाचायला लागले.

दुसऱ्या वेळी अर्जात कलम लिहिलं. माहिती अधिकार कायदा २००५, कलम २ (ञ). माहिती कॉम्प्युटरमध्ये साठवलेली असेल तर ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा अधिकार त्यात स्पष्ट दिला आहे. कायदा इतका जुना की त्यात फ्लॉपीचा उल्लेख आहे! थोडी कुरकुर झाली, पण फाइल मिळाली. १६०० च्या वर ओळी होत्या.

त्यातला कामाच्या नावाचा तेवढा एक रकाना साध्या टेक्स्ट फाइलमध्ये घेतला आणि काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली. आधी सॉर्ट, मग एक उभी दांडी, मग युनिक, मग परत दांडी आणि परत सॉर्ट. त्या उभ्या दांडीला पाइप म्हणतात, आणि ते नाव अगदी बरोबर आहे. एका कमांडमधून निघालेलं पाणी पाइपातून पुढच्या कमांडमध्ये जातं. सॉर्टनं सगळी नावं क्रमानं लावली, म्हणजे सारखी नावं शेजारी शेजारी आली. युनिकनं शेजारची सारखी नावं एकत्र करून कुठलं किती वेळा आलं ते मोजलं. शेवटच्या सॉर्टनं जास्त वेळा आलेली वर आणली. एंटर मारल्यावर पापणी लवायच्या आत यादी समोर. तीन दिवस डोळे फोडून मला जे दिसलं नव्हतं ते सगळ्यात वरच्या ओळींत होतं. काही कामांची नावं एकाहून जास्त वेळा आली होती.

पण थांबा. मला माहीत असलेला एक बंधारा त्यात एकदाच दिसत होता, आणि त्याच्या दुरुस्तीचं काम दोन वेळा निघालंय हे गावात सगळ्यांना ठाऊक. मग ग्रेप नावाची कमांड वापरली. ग्रेप म्हणजे फाइलमध्ये हा शब्द जिथं जिथं असेल त्या सगळ्या ओळी काढ. नुसतं 'बंधा' एवढं लिहून शोधलं. तर दोन ओळी निघाल्या, दोन्ही डोळ्यांना अगदी सारख्या, 'बंधाऱ्याची दुरुस्ती'. यंत्र मात्र त्यांना वेगळं समजत होतं.

का? कारण आपल्या मराठीतला अर्धा र, तो 'ऱ्या'मधला, कॉम्प्युटरवर दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला सारखा, पण आतले कोड वेगळे. एका ऑपरेटरनं एका पद्धतीनं लिहिलं, दुसऱ्यानं दुसऱ्या. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, बहुतेक नाहीच. पण यंत्राला फक्त "सारखी नावं दाखव" एवढंच सांगून बसलो असतो, तर हा बंधारा कायमचा निसटला असता. इंग्रजीत शिकवणाऱ्या कुठल्या कोर्समध्ये हे सांगणार? हे आपल्यालाच शिकून आपल्या पोरांना शिकवावं लागेल.

आणि एक गंमत. आज मराठी अक्षरं इंटरनेटवर ज्या यूटीएफ-८ पद्धतीनं साठवली जातात, ती १९९२ साली त्याच केन थॉम्पसननी रॉब पाइकसोबत न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदावर मांडली. ग्रेपही मूळ त्यांचीच. म्हणजे तिकडं त्या माणसांनी शब्द शोधायची आणि जगातल्या सगळ्या लिपी साठवायची सोय केली, आणि इकडं आपल्या वर्तमानपत्रांचे कितीतरी जुने अंक अजून बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये अडकलेत. फॉन्ट नसेल तर उघडल्यावर नुसता कचरा दिसतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या दहा वर्षांच्या बातम्या अशाच आहेत. स्वतः लिहिलेलं मला स्वतःला शोधता येत नाही.

पुढं काय झालं ते सांगतो, नाहीतर म्हणाल पत्रकारानं अर्धी बातमी दिली. एकाहून जास्त वेळा आलेल्या कामांपैकी तीन मी जागेवर जाऊन पाहिली. दोन ठिकाणी खरोखरच पहिला टप्पा आणि दुसरा टप्पा अशी दोन कामं होती, यादीत टप्पा लिहायचा राहिला होता. कोणाची चोरी नाही. तिसऱ्याबद्दल, म्हणजे बंधाऱ्याबद्दल, लेखी खुलासा मागितलाय. अजून आलेला नाही. आला की इथंच टाकेन, तो कोणाच्याही बाजूनं असो.

हे मुद्दाम सांगतोय. काळी खिडकी चोर पकडत नाही, ती प्रश्न काढून देते. उत्तरासाठी मोटारसायकल काढून बंधाऱ्यावर जावंच लागतं. पण १६०० ओळींतून कुठल्या बंधाऱ्यावर जायचं, हे कळणं हेच निम्मं काम आहे.

कोणी म्हणेल, हे तर एक्सेलमध्येही होतं. होतं की! एका फाइलला होतं. पण गावोगावच्या पाच वर्षांच्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवल्या तर ग्रेपची एक ओळ सगळ्यांतून एका दमात शोधते. आणि त्याहून महत्त्वाचं असं की ती ओळ लिहिलेली असते. मी काय केलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं देऊ शकतो, तुम्ही तुमच्या लॅपटॉपवर तेच चालवा, तेच उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर मी चुकलो. माउसनं इकडं दाबलं, तिकडं ओढलं, मधलं काहीतरी पुसलं, त्याची नोंद कुठं राहते? बातमीवर कोणी नोटीस पाठवली तर "मी असं असं मोजलं" हे दाखवता आलं पाहिजे. आपण सरकारकडं पारदर्शकता मागतो, मग आपलं मोजणंही उघड्यावर असलं पाहिजे.

आता कळेल की माहिती फोटोच्या रूपात का दिली जाते. कितीतरी कार्यालयं यादी छापतात, त्यावर सही-शिक्का मारतात, स्कॅन करतात आणि पीडीएफ करून वेबसाइटवर टाकतात. माहिती 'प्रसिद्ध' झाली. पण ती चित्र आहे, त्यात शब्द शोधता येत नाही. मतदार यादीचंही तेच. २०१८ साली कमलनाथ यांनी मतदार यादी शोधता येईल अशा टेक्स्ट स्वरूपात मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात मागणी केली, ती न्यायालयानं मान्य केली नाही. निकाल निकाल आहे, तो मानायचा. पण नागरिक म्हणून मला विचारायचा अधिकार आहे की जे कागदावर सगळ्यांना उघड आहे, ते यंत्रानं वाचता आलं तर कोणाचं काय बिघडतं?

चित्रातून अक्षरं काढायची सोयही फुकट मिळते. टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही काळ्या खिडकीतून चालतं आणि मराठी वाचतं. जोडाक्षरांत चुका करतं, पुसट शिक्का आला की गडबडतं, म्हणून निघालेला मजकूर मूळ पानाशी ताडून बघावाच लागतो. तरी २१२ पानं हातानं टाइप करण्यापेक्षा बरं. जे दार अर्धं लावलंय ते ढकलायला निदान शिकून घ्या.

मग हे आपल्याला शिकवलं का नाही?

एमएस-सीआयटी २००१ च्या सुमारास सुरू झालं. त्यानं लाखो लोकांना कॉम्प्युटरसमोर बसवलं, हे मी नाकारत नाही. माझ्या बहिणीची भीती त्याच कोर्सनं घालवली. पण पहिल्यापासून भर कशावर? मेनू, खिडक्या, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. सरकारी नोकरीसाठी सर्टिफिकेट लागतं म्हणून पोरं येतात, परीक्षा देतात, सर्टिफिकेट लॅमिनेट करून फायलीत ठेवतात. एका कंपनीचं दुकान कसं फिरायचं ते सरकारी शिक्क्यानं शिकवायचं आणि त्याला संगणक साक्षरता म्हणायचं, हे मला पटत नाही. अक्षरओळख झाली म्हणजे सातबारा वाचता आला असं नव्हे.

दुसरीकडं केरळ बघा. तिथं सरकारी शाळांत कॉम्प्युटरचं शिक्षण गेली अनेक वर्षं लिनक्सवर आणि मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं. 'काइट' नावाची सरकारी संस्था ते सांभाळते. २०१८ पासून शाळांमध्ये 'लिट्ल काइट्स' नावाचे पोरांचे क्लब आहेत. लायसन्सचा खर्च नाही आणि क्रॅकची चोरीही नाही. आणि आपल्याकडं? सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे. सी-डॅकनं 'बॉस' नावाची लिनक्सवर आधारलेली भारतीय सिस्टीम कधीच बनवून ठेवलीय. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे चक्क मराठी आवाजात आहेत, फुकट. म्हणजे पुण्यात सिस्टीम, मुंबईत धडे, आणि तालुक्याच्या शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबला कुलूप. चावी हेडमास्तरांच्या कपाटात, कपाटाची चावी शिपायाकडं, शिपाई रजेवर.

ह्याच वर्गातलं आणखी एक. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते, ती जुन्या यंत्रांत नसते. म्हणजे शाळांतले, पतसंस्थांतले, घराघरातले चांगले चालणारे कॉम्प्युटर आता "जुने झाले". ते भंगारात घालायचे का? माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम आहे. त्यात लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती टाकली, आता तो भाचीकडं आहे आणि नीट चालतो. दहा शाळांच्या लॅब अशा जिवंत होऊ शकतात. नवीन खरेदीचं टेंडर मात्र निघणार नाही, आणि मला वाटतं खरी अडचण तीच आहे.

आता आक्षेप. मला माहीत आहेत, चहाच्या टपरीवर सगळे ऐकून झालेत.

पहिला: "हे इंजिनिअरचं काम आहे." शंभर वर्षांपूर्वी वाचणं-लिहिणं हेही ठरावीक लोकांचंच काम होतं. बाकीच्यांनी अंगठा उठवायचा. त्या अंगठ्यांवर किती जमिनी गेल्या ते तुमच्या आजोबांना विचारायला हवं होतं.

दुसरा: "इंग्रजी लागतं." लागतं, पण किती? वीस-पंचवीस कमांड, त्यातल्या बऱ्याचशा दोन-तीन अक्षरांच्या. आपली पोरं ह्याहून अवघड पासवर्ड पाठ करतात. एक तक्रार मात्र मान्य. बऱ्याच टर्मिनलमध्ये मराठी जोडाक्षरं तुटलेली दिसतात. फाइलमध्ये बरोबर असतात, खिडकीत वेडीवाकडी. हे सुधारलं पाहिजे. पण सुधारणार कोण? ज्यांना टोचतं ते. आणि आपण तिथं गेलोच नाही तर टोचणार कोणाला?

तिसरा: "सगळं मोबाइलवर होतं." होतं, जेवढं त्यांनी होऊ दिलंय तेवढं. १६०० ओळींची यादी मोबाइलवर तपासून दाखवा.

चौथा, सगळ्यात ताजा: "आता एआय आहे, त्याला सांगितलं की कमांड लिहून देतं." खरंय, मीही विचारतो. पण त्यानं लिहून दिलेल्या ओळीत आरएम आहे की सीपी, हे एंटर मारायच्या आधी कोणी वाचायचं? वकिलानं लिहून आणलेल्या कागदावर न वाचता सही करणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

पाचवा: "चुकून काहीतरी उडेल, नको ती भानगड." इथं मला जरा राग येतो. काळी खिडकी तुम्ही उघडत नाही म्हणून ती तुमच्या यंत्रात नाही असं थोडंच आहे? हल्ली एक फसवणूक जोरात आहे. एखादं पान उघडतं, "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा" म्हणतं, आणि सांगतं की विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. लोक तीन बटणं दाबतात. त्या पानानं गुपचूप कॉपी करून ठेवलेली कमांड तुमच्याच हातानं तुमच्या यंत्रात चालते आणि पासवर्ड चोरणारा कार्यक्रम आत येतो. ज्याला कमांड म्हणजे काय हे माहीत आहे तो तिथंच थांबतो. ज्याला माहीत नाही तो एंटर मारतो. म्हणजे आज ह्या विषयातलं अज्ञानच जास्त धोक्याचं आहे.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी थोडक्यात.

नवा लॅपटॉप असेल तर आधी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा. विंडोज असेल तरी अडत नाही, त्यात टर्मिनल आहे. मायक्रोसॉफ्टनंच दिलेली डब्ल्यूएसएल नावाची सोय आहे, तिच्यामुळं विंडोजच्या आतच लिनक्स चालतं. लिनक्स नुसतं बघायचं असेल तर पेन ड्राइव्हवरून चालू करून बघता येतं, आतल्या डिस्कला हात लागत नाही. 'सराव' नावाचा एक फोल्डर करा, त्यात दहा खोट्या फाइली टाका आणि काय पुसायचं, हलवायचं ते त्यातच करा. पहिले तीन दिवस फक्त पीडब्ल्यूडी, एलएस, सीडी. मग सीपी आणि एमव्ही. मग ग्रेप, सॉर्ट, युनिक. सुडो ह्या शब्दानं सुरू होणारी ओळ कोणी पाठवली तर अर्थ कळल्याशिवाय चालवू नका, तो मालकाचा हुकूम असतो. आणि कुठलीही ओळ आंधळेपणानं चिकटवू नका, स्वतः टाइप करा. हळू होतं, पण डोक्यात राहतं.

शेवटी मागण्या, कारण नुसतं बोंबलून उपयोग नाही.

एक, तालुक्यातल्या शाळांच्या बंद लॅब उघडा आणि जुन्या यंत्रांवर लिनक्स टाका. शिक्षकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण पुरेल. दोन, एमएस-सीआयटीत निदान चार तास ह्या काळ्या खिडकीला द्या. तीन, कार्यालयांनी कामांच्या याद्या स्कॅन करून नव्हे, तर एक्सेल किंवा टेक्स्टमध्ये वेबसाइटवर टाकाव्यात. टाइप तर त्यातच करता!

चार, आम्हा पत्रकारांना. ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' १८३२ साली त्या दिवशी निघालं म्हणून. दरवर्षी शाल, श्रीफळ, तीच भाषणं आणि जेवण. यंदा शाल राहू द्या. सकाळी दोन तास सगळ्यांनी आपापला लॅपटॉप घेऊन बसू.

आणि तोपर्यंत माझ्याकडून एवढं करतो. येत्या रविवारी सकाळी दहाला सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसणार आहे. फी नाही. जुना-नवा कसलाही लॅपटॉप चालेल, चार्जर आणा, कारण तिथं लाइटचा भरवसा नाही. आणि आपापल्या गावच्या कामांची यादी मिळाली तर तीही आणा. बंधारा कुठला ते आपण बघू.